कारल्याच्या बियांवरचा आळ

आधीच सांगून ठेवते, मला रडायचं नाहीये. रडणाऱ्या बाईच्या पाठीवरून लोक हात फिरवतात, पाणी आणून देतात, आणि ती जे सांगायला आली होती ते राहूनच जातं. मला राग आलाय. कुणाचा, ते कळेलच. ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही, आईला नाही, आणि जिच्यापायी घाई केली त्या बहिणीला तर मुळीच नाही. एकीला सांगितली, अगदी अलीकडे. पण तिला ‘सांगितली’ असं तरी कसं म्हणू? तिचीच होती ती. बाकी ऐकणारे तुम्ही पहिले.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी बायोकेमिस्ट्री शिकवते. पोरं मला टरकून असतात. माझ्या प्रयोगशाळेत एक नियम आहे—वरचं तपासल्याशिवाय खालचं फेकायचं नाही. हा नियम कुणी मोडला की मी अशी काही भडकते, की शेजारच्या वर्गातला तास थांबतो. नवीन पोरांना जुनी पोरं आधीच सांगून ठेवतात, बाकी काही कर, पण मॅडमसमोर सिंकमध्ये काही ओतू नको. सगळ्यांना वाटतं, बाई शिस्तीची आहे. शिस्त कसली डोंबलाची! करून करून भागली अन् देवपूजेला लागली, तसली आहे ही शिस्त.

वरचं काय, खालचं काय, हे नीट सांगावं लागेल. नाहीतर मी केलं ते तुम्हाला नुसती चूक वाटेल. चूक म्हटलं की मी सुटले. मला सुटायचं नाहीये.

तर ऐका. कुठल्याही बीमध्ये, दुधात, रक्तात शेकडो तऱ्हेची प्रोटीनं असतात, आणि प्रत्येकाचं आपापलं वजन असतं. ते वजन डाल्टनमध्ये सांगतात. कुणी दहा हजाराचं, कुणी साठ हजाराचं. त्यातलं आपल्याला हवं ते एकच वेगळं काढता काढता ते इतक्या पाण्यात पसरतं, की शेवटी पाणी कमी करून घट्ट करावं लागतं. आटवता येत नाही, तापवलं की प्रोटीनचं वाटोळं. म्हणून मग जाळी. एक नळी असते, तिच्या मध्यावर बारीक भोकांचा पडदा. वर प्रोटीनचं पाणी ओतायचं, यंत्रात गरगर फिरवायचं. पाणी, मीठ खाली उतरतं, प्रोटीन वर राहतं. पडद्यावर आकडा छापलेला असतो. दहा हजार, तीस हजार, पन्नास हजार. आम्ही नुसतं दहाची, तीसची म्हणतो.

आणि इथंच माणूस फसतो. आकडा पाहून वाटतं, ही वेस आहे. तीसच्या वरचं सगळं अलीकडे, खालचं सगळं पलीकडे. तसं नसतं हो! त्या पडद्याची सगळी भोकं एकसारखी नसतात. कंपनीवाले एवढंच सांगत असतात, की या वजनाचं एखादं गोल गरगरीत प्रोटीन असेल, तर त्यातलं बहुतेक वर राहील. बहुतेक. सगळं नाही. आणि तुमचं प्रोटीन गोल आहे, हे कुणी सांगितलं? घरी चाळणीत तांदूळ चाळून पाहा. दाणा आडवा पडला तर राहतो, उभा झाला की सुळकन खाली जातो. म्हणून जाळी घ्यायची ती प्रोटीनच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाची, फार तर निम्म्याची. तिशीतल्या प्रोटीनला दहाची. दहाचीच. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, दोनदा अधोरेखित करते. पोरं उतरवून घेतात.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं का? माहीत होतं की! पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. त्या दिवशी तर रूपालीनं फोनवरूनही सांगितलं होतं.

रूपाली वलगावची. माझ्याहून एक वर्ष मागे, एकाच सरांच्या हाताखाली, एकाच टेबलाच्या दोन टोकांना आम्ही पीएचडी करत होतो. मी अकोल्याकडची, पंचवीस-तीस एकर काळ्या जमिनीच्या घरातली. तिच्या घरी थोडं बागायती वावर, त्यात वांगी, दोडके, कारली. वडील भल्या पहाटे माल घेऊन अमरावतीच्या बाजारात यायचे. मला ती ताई म्हणायची. हुशार होती. माझ्याहून हुशार होती, आणि हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तेव्हा मी ते कुणापाशी कबूल केलं नाही, हेही लिहून टाकते, म्हणजे सगळं एकाच ठिकाणी राहील.

तिनं विषय घेतला होता कारल्याच्या बियांचा. कारल्याच्या बीमध्ये एक प्रोटीन असतं, वजन तिशीच्या जरा वर. तुरीवर मर रोग पडतो ना, उभं झाड वाळवून टाकणारा, त्याची बुरशी या प्रोटीननं अडते असं तिचं म्हणणं. आणि तिनं ते काचेच्या ताटलीत दाखवलंही होतं. एका बाजूला बुरशी माजलेली, प्रोटीनचा थेंब टाकला तिथं स्वच्छ गोल. मी पाहिलं होतं, माझ्या डोळ्यांनी. तपासणी समितीनंही पाहिलं. समिती म्हणाली, छान, आता हे प्रोटीन शुद्ध करून, घट्ट करून पुढच्या बैठकीत समोर ठेवा, मग नोंदणी पुढे चालू. नाहीतर बंद.

बियांचंही सांगते. कोवळ्या कारल्याची बी कामाची नाही. कारलं वेलीवर पिकून नारिंगी व्हावं लागतं, फुटावं लागतं, तेव्हा आतली बी भरते. आणि पिकलेल्या कारल्याला बाजारात कुत्रं विचारत नाही. तिच्या वडिलांनी तिच्यासाठी वावरातला एक पट्टा तसाच सोडला. ऐन भावात तोडा केला नाही. गावातले हसले, म्हणाले, बुवा कारली पिकवून राहिला, याची लोणची घालते का पोरगी? वडिलांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पिकलेली कारली फोडून, लाल गर धुऊन, बिया सावलीत वाळवून त्यांनी पिशवी स्वतः प्रयोगशाळेत आणून दिली. दारातच चपला काढल्या होत्या. आम्ही काढत नसू.

त्या सगळ्या बिया दळून, गाळून, मीठ घालून प्रोटीनचा साका खाली बसवून, काचेच्या नळकांड्यातून उतरवून रूपालीनं शेवटी एक बाटलीभर पाणी केलं. दिसायला पाणीच. बिया संपल्या. पुढच्या बिया पुढच्या हंगामात. आणि ऐन वेळी पोरीला ताप भरला, असा की उठवेना. तिनं मला फोन केला, ताई, एवढं घट्ट करून ठेव, ते असं पडून राहिलं तर खराब होईल. मी म्हटलं, झोप तू, मी करते. तेव्हा ती म्हणाली, “ताई, दहाचीच लाव. वेळ लागते लय, पन दहाचीच.”

हो गं बाई, म्हटलं मी.

दहाची जाळी हळू उतरते. भोकं बारीक, त्यामुळे थेंब थेंब. सकाळी लावली तर संध्याकाळपर्यंत यंत्राजवळ बसा. आणि मला दुपारच्या एसटीनं अकोल्याला जायचं होतं. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, शालू घ्यायचा होता, सगळ्या बायका दुकानात जमणार होत्या. तीसची जाळी भराभर उतरते. मी कपाट उघडलं, दोन्ही डबे शेजारी शेजारी. प्रोटीन तिशीच्या वर, जाळी तीसची. वरच राहील की! एवढा मोठा हिशोब मी केला. बत्तीस हे तीसहून मोठे, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं, आणि मी पीएचडी करत होते!

खोटं कशाला बोलू, नुसती घाई नव्हती ती. रूपालीनं मला सांगावं, मला, दहाचीच लाव म्हणून, हेही आत कुठंतरी टोचलं होतं. माझ्यामागून आलेली. भाजीवाल्याची पोरगी. हा शब्द मी तेव्हा मनात उच्चारला होता. आज लिहिताना हात आखडतोय, तरी लिहिते.

तीसची लावली. फिरवली. काय भराभर उतरलं! मी खूश. मग मीठ धुवायचं म्हणून वरून ताजं पाणी घालून पुन्हा फिरवलं, परत घातलं, परत फिरवलं. दर वेळी प्रोटीन थोडं थोडं खाली निसटत होतं, आणि मी गुणगुणत होते. खाली उतरलेलं सगळं एका काचपात्रात गोळा केलं होतं. टेबल आवरायचं होतं, एसटी गाठायची होती. ते काचपात्र उचललं आणि सिंकमध्ये उपडं केलं. मागून नळही सोडला.

तपासलं त्यानंतर. तपासायला आमच्याकडे एक तपकिरी रंग असतो, प्रोटीन लागलं की तो निळा होतो. वरचं, घट्ट झालेलं, किमती, त्याचा थेंब टाकला. तपकिरी तो तपकिरीच राहिला, जरा कुठं निळसर झाक. परत टाकला. तेच. मग माझी नजर सिंकमधल्या त्या पात्राकडे गेली. ते मी उपडंच ठेवलं होतं, पण सरळ केलं तर कडेला, बुडाशी, खाली उतरलेल्यातले थोडे थेंब अजून चिकटून होते. ते घेतले. रंगात टाकले.

निळं झालं. गडद निळं, निळीच्या पाण्यासारखं.

म्हणजे मला त्याच दुपारी कळलं होतं. हे नीट लक्षात घ्या. नंतर कधी अभ्यासात उमगलं वगैरे नाही. वलगावच्या एका पट्ट्यातलं सगळं पीक गटारात गेलं, आणि ते मी घातलं, हे मला पुराव्यासकट माहीत होतं. तेव्हा फोन करायला काय धाड भरली होती? रूपाली चिडली असती, रडली असती. सर मला बोलले असते, फार तर दोन महिने टोचून बोलले असते. माझी नोंदणी काही गेली नसती. माझ्यासारखीची जात नाही. मी काय केलं? वरचं ते नावालाच घट्ट पाणी बाटलीत भरलं, त्यावर रूपालीच्या नावाची चिठ्ठी लावली, फ्रीजमध्ये ठेवलं आणि एसटीनं अकोल्याला गेले. दुकानात बसून शालू पाहिले. मोरपंखी की जांभळा यावर मामीशी हुज्जतही घातली. गोडधोड खाल्लं, आणि बाधलं नाही.

ताप उतरल्यावर रूपाली आली. तिनं तपासलं, पुन्हा तपासलं, रंग बदलून तपासलं. माझ्याकडे आली, विचारलं, ताई, दहाचीच लावली होती ना? मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि स्वतःचीच चूक शोधायला लागली. मीठ जास्त पडलं का, बिया नीट वाळल्या नव्हत्या का, नळकांडं खराब होतं का. आठवडाभर ती पोरगी आपलीच चूक शोधत हिंडली, आणि मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून माझं काम करत होते. एकदा तर मीच तिला चहा पाजला. पाहा आता! उलटा चोर कोतवालाले डाटे म्हणतात, मी तर कोतवालाला चहा पाजला.

मग सरांपुढे गेलं ते. सरांनी सगळ्यांना बोलावलं. समिती तोंडावर आलेली, त्यांना स्वतःची काळजी. ते माझ्याकडे वळले आणि विचारलं, तुम्ही घट्ट केलं ना, काय होतं त्यात? तेव्हा मी जे बोलले ते शब्द न् शब्द सांगते. मी म्हणाले, “सर, मी हातात घेतलं तेव्हाच त्यात काही वाटत नव्हतं.”

वाटत नव्हतं. पाहिलंत किती हुशारीनं निवडला शब्द? उद्या कुणी पकडलं तर वाटण्याला कुठं पुरावा असतो. पण त्याचा अर्थ प्रत्येकाला कळला. त्यात आधीपासून काही नव्हतंच, तर मग या पोरीनं समितीला दाखवलेलं काय? आकडे आणले कुठून? सर तिला म्हणाले, काटा मारायची सवय घरची असेल, इथं चालणार नाही. सगळ्यांदेखत म्हणाले. भाजी विकणाऱ्याच्या पोरीला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे हो! तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती आशेनं पाहत होती, की ताईनं ताटली पाहिली होती, स्वच्छ गोल पाहिला होता, ताई आता बोलेल. मी यंत्राच्या झाकणाकडे पाहत राहिले. त्या झाकणाला एक ओरखडा होता.

सरांवर चिडणं सोपं आहे, आणि मी खूप वर्षं तेच केलं. ते बोलले, त्यांनी पारख केली नाही, त्यांनी माझं आडनाव पाहून माझ्यावर विश्वास ठेवला आणि तिचं पाहून तिच्यावर अविश्वास. खरंच आहे ते. अशा माणसाला शिव्या घालाव्यात तेवढ्या थोड्या. पण सरांच्या हातात दगड दिला कुणी? नाचता येईना अंगण वाकडं! मी दिला. ते जातीचं आणि घराण्याचं माप वापरत होते हे मला दिसत होतं, आणि ते माप माझ्या बाजूचं आहे हेही दिसत होतं. म्हणून तर मी ते वाक्य बोलले. दुसऱ्या सरांपुढे कदाचित बोलले नसते.

रूपालीची नोंदणी बंद झाली. ती आपला टेबलाचा भाग पुसून, ड्रॉवर रिकामा करून गेली.

आणि अजून आहे. इथं थांबले असते तरी पुरे होतं, पण मी कसली थांबते? पुढच्या हंगामात सरांनी तोच विषय मला दिला, म्हणजे अर्धवट राहायला नको. मी बिया दुसरीकडून आणल्या. दहाची जाळी लावली, दिवसभर बसले, आणि प्रोटीन आलं. बुरशी अडली. माझे आकडे आणि रूपालीचे आकडे इतके जुळले, की सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक ओळ बोटानं ताडून पाहिली. मग म्हणाले, चांगल्या हातात काम गेलं की असं होतं. त्यांनाही कळलं होतं. मलाही. आम्ही दोघांनी पुढच्या विषयाकडे पान उलटलं. त्या कामावर मी डॉक्टर झाले, त्यावर ही नोकरी लागली. दाराबाहेर पाटी आहे माझ्या नावाची, नावाआधी ‘डॉ.’ लावलेलं.

माझं सासर अचलपूरचं. अमरावतीहून एसटी निघाली की वलगाव लागतंच. इतकी वर्षं वलगाव आलं की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. नवरा एकदा म्हणाला, तुझं दर वेळी इथंच काय हरवतं? मी म्हटलं, रुमाल.

मग या वर्षी ते घडलं. माझ्याकडे दर्यापूरची एक पोरगी प्रकल्प करते. तिनं दुधाच्या प्रोटीनचं काम करताना चुकीची जाळी लावली आणि खाली उतरलेलं ओतून दिलं. मी वर्गात आले तर ती उभी. पोरं चिडीचूप. आणि ती सगळ्यांसमोर सरळ म्हणाली, मॅडम, माझ्याकडून झालं, जाळी मी पाहिली नाही, खालचंही मीच फेकलं, पुन्हा करते. एवढंच. घाम नाही, थरथर नाही. जणू काय पेन पडला हातातून!

मी तिच्यावर ओरडले. कधी ओरडले नव्हते तशी ओरडले. पोरांना वाटलं, नियम मोडला म्हणून. नियमावर नव्हतं ते. कसं काय जमलं तिला? वीस-एकवीस वर्षांच्या पोरीला, एका दमात? ती बोलली आणि काही झालं नाही, आभाळ कोसळलं नाही, तिचा आठवडा गेला, बस. मला जे एवढं अवघड वाटलं होतं, ज्यावर मी एका माणसाचं आयुष्य उधळलं, ते इतकं छोटं होतं? तिचं तोंड पांढरं पडलं तरी मी बोलतच होते. नंतर माझ्या खोलीत जाऊन बसले, आणि तेव्हा स्वतःची अशी किळस आली, की त्या रविवारी स्कूटी काढली आणि वलगावला गेले.

रूपाली आता भाजीच्या रोपांची नर्सरी चालवते. हिरव्या जाळीखाली ट्रेमध्ये वांग्याची, मिरचीची रोपं, आणि ती त्यात वाकून काम करत होती. तिनं मला ओळखलं, ये म्हणाली, पाणी दिलं. मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तीसची जाळी, सिंक, निळा रंग, अकोला, शालू, सरांपुढचं वाक्य. मला वाटत होतं ती मारेल. मारावं असंही वाटत होतं, म्हणजे फिटलं असतं. तिनं हातातला ट्रे खाली ठेवला, हात पुसले, आणि शांतपणे म्हणाली, “मले काहून सांगून राहिली तू? मी खोटी नाई, हे मले तं मालूमच होतं. बाबाले सांग.”

मग तिनंच सांगितलं. सरांनी आपल्याला खोटारडी ठरवलं, हे ती घरी कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून तिनं वडिलांना एवढंच सांगितलं होतं, की बियांतून काही निघालं नाही. आणि वडिलांनी ते मनाला लावून घेतलं. आपल्या बिया हलक्या निघाल्या, आपल्यापायी पोरीचं शिक्षण मोडलं. त्या हंगामानंतर त्यांनी कारली लावणं सोडून दिलं. वावरात सगळं असतं, कारली नसतात. विचारलं तर म्हणतात, आपल्या मातीले मानवत नाई ते.

मी सांगते म्हटलं. आत्ता सांगते.

तेवढ्यात ते आलेच. पाठ वाकलीय, बाकी तेच. मला पाहिलं आणि ओळखलं, म्हणाले, अकोल्याकडच्या ताई ना तुमी, पोरीसंगच्या? खाट पुढे ओढली, स्वतः उभे राहिले. कॉलेजात मोठ्या मॅडम झाल्या म्हणे, पोरगी सांगे, असं म्हणाले आणि त्यांना खरोखर आनंद झालेला दिसत होता. मी तोंड उघडलं. काय जाणार होतं माझं? या माणसाला सांगून माझी नोकरी जाणार नव्हती, पदवी जाणार नव्हती. त्यांनी कुठं तक्रार केली नसती, कुणाला सांगितलंही नसतं. एक वाक्य फक्त. काका, बिया चांगल्या होत्या. चार शब्द!

मी शब्द जुळवत होते तेवढ्यात तेच बोलले. हात जोडले, माझ्यापुढे, त्या वयाच्या माणसानं. “तवा तुमाले भी लय तरास झाला असंन,” ते म्हणाले. “आमच्या बियाईतच दम नोता, माय.”

“होतं असं कधी कधी, काका,” मी म्हणाले.

रूपाली तिथंच उभी होती. तिनं ट्रे उचलला आणि ती आत गेली.